किती दिवस राहणार जी?

परदेशात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांची एक मोठी सोय असते. त्यांना तक्रार करता येते. माझ्या बँकेतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा व्हिएतनामला गेला. पहिल्याच आठवड्यात त्याचं पोट बिघडलं, रस्ता ओलांडता येईना आणि कोणाचं बोलणं कळेना. घरच्यांनी त्याला लगेच 'कल्चर शॉक' असं नाव दिलं आणि सगळी सोसायटी हळहळली. अमेरिकेने 1961 मध्ये पीस कोअर काढलं. त्यांचे स्वयंसेवक परमुलखात कामाला लागण्याआधी तीनेक महिने तिथली भाषा आणि रीतभात शिकतात. जपान सरकार तर 1987 पासून जगभरातून तरुण मंडळी इंग्रजी शिकवायला बोलावतं आणि वर पगारही देतं. मी निवृत्तीनंतर एका संस्थेतर्फे वर्षभर इंग्रजी शिकवायला पुण्याहून गडचिरोली जिल्ह्यात गेलो. मला कोणी काहीच शिकवलं नाही, कारण मी महाराष्ट्रातून महाराष्ट्रात चाललो होतो. 'आपल्याच राज्यात तर जाताय,' असं निरोप द्यायला आलेले सगळे म्हणाले. त्यातल्या निम्म्यांना गडचिरोली चंद्रपूरच्या अलीकडे की पलीकडे हे ठाऊक नव्हतं. उरलेल्यांनी 'जपून राहा' एवढंच सांगितलं.

कोल्हापूरहून पुण्यावरून गोंदियाला जाणाऱ्या गाडीचं नाव महाराष्ट्र एक्सप्रेस. जवळजवळ अख्खा दिवस बसून राहिलं की ही गाडी संपते. महाराष्ट्र संपत नाही. गोंदियाला उतरून बल्लारशाकडे जाणारी दुसरी गाडी धरायची आणि वडशाला उतरायचं. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं या एवढ्या मोठ्या जिल्ह्याचं रेल्वे स्टेशन म्हणजे एकटं वडसा. तिथून यष्टीने कुरखेडा, कुरखेड्याहून बेडगावचा घाट, आणि मग कोरचीच्या बाजूला जंगलात आमची आश्रमशाळा. एवढ्या वेळात मी सिंगापूरला जाऊन, जेवून परत आलो असतो आणि लोकांनी फोटो तरी पाहिले असते.

'किती दिवस राहणार जी?' हा प्रश्न मला पहिल्यांदा यष्टीच्या कंडक्टरने विचारला. मग चहावाल्याने. मग मुख्याध्यापकांनी, अधीक्षकांनी, स्वयंपाकीणबाईंनी, चौकीदाराने आणि सहावीतल्या एका मुलाने, जो माझी बॅग उचलून पुढे चालत होता. प्रश्नात खवचटपणा मुळीच नव्हता, तीच अडचण. असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी 'एक वर्ष' म्हणालो की प्रत्येक जण 'हो का' म्हणून मान हलवायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. बँकेत आम्ही बदलीवर आलेल्या शिपायाची यापेक्षा जास्त चौकशी करत होतो.

नंतर कळलं की हा सगळा मुलूखच स्वयंसेवकांना सरावलेला आहे. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याला आनंदवन सुरू केलं. मूल तालुक्यातल्या सोमनाथला दर उन्हाळ्यात श्रमसंस्कार छावणीसाठी पोरापोरींच्या पिढ्यान्‌पिढ्या येऊन गेल्या. 1973 मध्ये हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प उभा राहिला. 1986 मध्ये अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली. या मंडळींविषयी मला नितांत आदर आहे, पण त्यांनी आमच्यासारख्यांची फार पंचाईत करून ठेवली आहे. ती आली आणि राहिलीच. त्यांच्यापुढे आम्ही 'एक वर्ष' सांगायचं ते कोणत्या तोंडाने? पहिल्यापासूनच प्रत्येकाने वर्ष-सहा महिने राहून परत जायची रीत पाडली असती, तर आज माझं वर्ष किती भरघोस दिसलं असतं.

माझ्या खोलीत एक गोदरेजचं कपाट होतं. ते उघडल्यावर मला माझ्या पूर्वसूरींचा परिचय झाला. दोन तारा तुटलेली गिटार. हस्तकलेचे वाळून दगड झालेले रंग. 'माय ड्रीम' असं शीर्षक असलेली, पहिल्याच पानावर थांबलेली वह्यांची चळत. भिंतीवर हात टेकवून उमटवलेले मुलांचे पंजे होतेच. ते आता सातवीत गेले होते. खालच्या खणात इंग्रजी मुळाक्षरांची चकचकीत कार्डं होती आणि ती कोणी वापरल्याचं दिसत नव्हतं. मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुख्याध्यापकांनी माझी ओळख करून दिली आणि मुलांना म्हणाले, 'सरांना इंग्रजीत काहीतरी बोलून दाखवा.' सगळी शाळा एका सुरात, अचूक उच्चारांत, थेट माझ्याकडे पाहत म्हणाली, 'वुई विल मिस यू, सर!'

आधीच्या सर्वांनी निघताना हेच वाक्य बसवून घेतलं होतं. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या शाळेत त्यातलं सर्वांत पक्कं झालेलं वाक्य हे.

आता भाषेचं. इथली मुलं घरी गोंडी बोलतात, काही छत्तीसगढी बोलतात. बाजारात झाडीबोली, पुस्तकात प्रमाण मराठी, मोबाइलवर हिंदी. इंग्रजीचा नंबर पाचवा. याचा त्यांना काही त्रास होत असता तर मला दिलासा द्यायला जागा होती. पण नववीतली एक मुलगी सकाळी तिच्या आजीशी गोंडीत, माझ्याशी मराठीत आणि यष्टीतून उतरलेल्या भांडेवाल्याशी छत्तीसगढीत घासाघीस करत असे आणि तिघांनाही गप्प करत असे. मी साठी ओलांडलेला माणूस, मला दोनच भाषा येतात, त्यांपैकी एक बँकेची. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात तर ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तरी गाव काही मागे हटलं नाही. पुण्यात आम्ही नातवंडांच्या मराठी शाळांसाठी परिसंवाद भरवतो आणि चहा पिऊन घरी जातो. म्हणून मोहगावचा विषय मी शिक्षकांच्या खोलीत काढत नसे.

कार्डांकडे वळतो. आय फॉर इग्लू, वाय फॉर यॉट, एक्स फॉर झायलोफोन. ही तिन्ही मी स्वतःही कधी पाहिलेली नाहीत, पण विश्वासाने शिकवली. मुलांना चारोळीचं झाड ओळखता येतं, टेंभरं कधी पिकतात ते सांगता येतं, हिरडा कुठला आणि बेहडा कुठला हे पानावरून कळतं. यातलं काहीही एका कार्डावर नव्हतं. 'ई फॉर एलिफंट' या कार्डावर मात्र माझी फार भिस्त होती. त्यात एक हसरा हत्ती एका रंगीत चेंडूवर उभा होता. मी ते वर धरलं आणि वर्ग एकदम शांत झाला. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप या जिल्ह्यात उतरला आणि इथलाच झाला. कोणाचं उभं धान तुडवलं, कोणाच्या घरात साठवलेल्या मोहफुलांच्या वासाने भिंत पाडली, माणसंही दगावली. मागच्या बाकावरचा एक जण बराच वेळ कार्ड निरखून म्हणाला, 'सर, हा कोणाच्या धानात उभा आहे?'

मग मी हत्तीवर इंग्रजीत दोन वाक्यं लिहायला सांगितली. त्याच मुलाने लिहिलं: 'एलिफंट केम. पंचनामा नॉट केम.' मी दुसऱ्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि 'डिड नॉट कम' असं दुरुस्त केलं. व्याकरण सोडून त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

रेंजबद्दल पुण्यातल्या लोकांचा समज असा की जंगलात रेंज नसते. असते. आमच्याकडे हातपंपाच्या मागे, ऐनाच्या झाडाखाली एका खडकावर उभं राहून तोंड पूर्वेला केलं की यायची. ती जागा सर्वांची असल्यामुळे संध्याकाळी तिथे रांग लागे, आणि रांगेतल्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोललं तर सौ.ला पुण्यात ऐकू जात नसे. 'अहो, रक्तदाबाची गोळी रात्रीची आहे का सकाळची?' असं ती विचारी आणि मी ओरडून सांगे. दुसऱ्या दिवशी पाचवीचा वर्ग उभा राहून 'गुड मॉर्निंग, सर' म्हणे आणि खाली बसता बसता विचारी, 'गोळी घेतली का जी?' आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतकं सार्वजनिक सहजीवन आम्ही कधी जगलो नव्हतो.

शाळेची माहिती ऑनलाइन भरण्याची मागणी 'तातडीने' या शब्दाने सुरू होई. मग एक शिक्षक मोटारसायकलवर बसून, रेंज मिळेल अशा ठिकाणी जाऊन ती भरून येत असत. ते परत येईपर्यंत त्यांचा वर्ग मी सांभाळायचा, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं ते मला सापडलं नाही.

सौ.चे पुण्याहून येणारे प्रश्न दोनच. वाघ दिसला का, आणि 'ते लोक' दिसले का. दोन्हींचं उत्तर नाही असं दिल्यावर पलीकडे निराशा पसरे, आणि सोसायटीच्या गटावर त्या दिवशी माझ्याबद्दल काही लिहिलं जात नसे. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पुण्याची मंडळी महिनोन्‌महिने आधी जिप्सी राखून वाघ पाहायला जातात आणि नाही दिसला तर नाराज होतात. इथली माणसं वाघ फुकट दिसू नये म्हणून उजेड असतानाच जंगलातून घरी परततात. माझ्या वाट्याला आली ती शेळी. ती रोज माझ्या खोलीत येई आणि इंग्रजीची उत्तरपत्रिका खाई. याला पुण्यात कोणी शौर्य मानत नाही.

दुसरी निराशा मलेरियाची. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा या जिल्ह्याचा, त्यामुळे मच्छरदाणीशिवाय झोपायचं नाही हा दंडक. मी तो पाळला. पण आशाताई इतक्या दक्ष होत्या की मला नुसता आळस आला तरी त्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेत. एकदाही मलेरिया निघाला नाही. 'मग काय झालंय हो मला?' असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, 'वय, सर.'

जेवण म्हणजे भात. सकाळी भात, रात्री भात, कारण आसपास नजर जाईल तिथवर धानाची शेती. मी एकदाच, अगदी सहज, 'पोळी मिळेल का कधी?' असं विचारलं. स्वयंपाकीणबाईंनी दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळ्या पोळ्या लाटायला घेतल्या. त्यामुळे मला भाताबद्दल तक्रार करता येईना आणि गावभर माझं नाव 'पोळीवाले सर' पडलं. त्याआधी ते 'बुढे सर' होतं, म्हणजे बढतीच म्हणायची. मुलांच्या घरून कोंबड्याचं आमंत्रण आलं की मी शाकाहारी असल्याचं सांगे. यजमान काळजीने विचारत, 'कधीपासून जी? औषध चालू आहे का?'

दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली. मी पुण्याचा, तेव्हा नाटकाबाबत मला कोणी काही सांगण्याची गरज नव्हती. 'व्यक्तिमत्त्व विकासासाठी नाट्यछटा' असा एक उपक्रम मी बरोबरच घेऊन आलो होतो. झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र वडसा आहे, तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, आणि दिवाळीच्या मंडईपासून होळीपर्यंत गावोगाव तिकीट लावून रात्रभर नाटकं चालतात, हे मला ऐकून माहीत होतं. मंडपात ती गर्दी पाहिली तेव्हा मात्र मी नाट्यछटा परत बॅगेत घातल्या. नाटक रात्री उशिरा सुरू झालं आणि पहाटे संपलं. मधल्या वेळात एक खून, दोन लग्नं, एक इस्टेटीचा दावा आणि असंख्य गाणी झाली. माझ्या शेजारी बसलेले आजोबा एकदाही डुलकले नाहीत. मी पुण्यात तीन अंकी नाटकाला दुसऱ्या मध्यंतरात बटाटेवडा खाऊन निघतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, हे त्या आजोबांनी मला पहाटे चार वाजता, दोन गाण्यांच्या मध्ये, कानात ओरडून सांगितलं. सकाळी वर्गात अर्धी मुलं झोपली होती. उरलेल्या अर्ध्यांनी मला झोपू दिलं नाही.

होळीला घरी गेलेली मुलं लवकर परत येत नाहीत, कारण मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ऊन चढायच्या आत तो वेचायचा, अंगणात वाळवायचा, विकायचा किंवा ठेवायचा. अख्खं घर राबतं. परीक्षेचं वेळापत्रक आखणाऱ्यांनी कधी मोहाचं झाड पाहिलेलं नसावं. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, तेव्हा या फुलांचं पुढे काय होतं याबद्दल मी प्रश्न विचारत नाही.

यात माझा स्वतःचा असा उपमर्द झाला. मी मुलांना अर्ज लिहायला शिकवला होता. बँकेत उभं आयुष्य गेल्यामुळे माझी अर्जाची इंग्रजी पक्की आहे, आणि 'विथ रेफरन्स टू' शिवाय मला वाक्य सुरू करता येत नाही. होळीनंतर वर्ग रिकामा. टेबलावर दगडाखाली एक चिठ्ठी, अक्षर त्याच नववीतल्या मुलीचं. 'विथ रेफरन्स टू मोहफूल, आय अ‍ॅम नॉट कमिंग. किंडली अ‍ॅकनॉलेज.' त्यात एकही चूक नव्हती. खाली तारीख होती आणि 'युवर्स फेथफुली'ही होतं. मी पोच लिहून ती फाईलला लावली, दुसरं काय करणार?

निदान पैशाच्या व्यवहारात तरी माझा उपयोग होईल, अशी मला आशा होती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तेव्हापासून या बाजूच्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकतात. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी तर एकत्र येऊन महाग्रामसभा केली. तेंदूचा हंगाम जवळ आला तशी गावात ठेकेदाराशी बोलणी सुरू झाली. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, आणि गोणीचा दर ठरायचा. मी स्वच्छ शर्ट घालून, पेन लावून, बैठकीला जाऊन बसलो. करारातल्या अटी, बयाणा, हप्ते, विलंब झाल्यास व्याज या सगळ्यावर मला बोलायचं होतं. त्यांनी मला सतरंजीवर मानाची जागा दिली, चहा दिला, आणि मग मी शिकवलेल्या एका मुलाच्या आईने ठेकेदाराला असे काही प्रश्न विचारले की त्याने दोनदा कपाळ पुसलं. अटी सगळ्या आल्या. व्याजही आलं. बैठक संपल्यावर तिने मला विचारलं, 'समजलं ना जी, सर?'

निघायच्या आधी मला पाठवणाऱ्या संस्थेचा फॉर्म आला. इंग्रजीत, ऑनलाइन, तातडीने. पहिला प्रश्न: तुमच्यामुळे स्थानिक समाजात कोणते बदल घडले? मी खडकावर, पूर्वेला तोंड करून, बराच वेळ उभा राहिलो. मागे रांग होती. पोळ्या लाटल्या जाऊ लागल्या, एवढं लिहून मी पुढच्या प्रश्नाकडे गेलो. नव्या वातावरणाशी जुळवून घेण्यासाठी तुम्ही काय केलं? यावर मात्र लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, पण सगळं दुसऱ्यांनी केलेलं. अधीक्षकांनी माझ्यासाठी पंखा दुसऱ्या खोलीतून काढून लावला, कामाठ्याने आंघोळीचं पाणी तापवायची वेळ बदलली, शेळीवाल्याने शेवटी शेळीच दुसरीकडे बांधली. फॉर्ममध्ये कर्ता बदलायची सोय नव्हती.

मुख्याध्यापकांना विचारलं, पुढच्या वर्षीसाठी काही निरोप देऊ का? ते जरा संकोचले. म्हणाले, 'इंग्रजीचं आमचं चालून जाते, सर. गणिताला माणूस नाही. गणिताचा कोणी असला तर पाठवा जी.'

मी त्यांना आठवण करून दिली की मी बँकेत होतो.

'हो जी, आम्ही पहिल्याच दिवशी बोललो होतो,' ते म्हणाले, 'पण तुमच्या पत्रावर विषय इंग्रजी लिहून आला होता.' ते खरं होतं. संस्थेच्या फॉर्मवर विषयाच्या रकान्यात तेवढा एकच पर्याय होता.